उजव्या खिडकीतला चंद्र

रंकाळा मागं पडला आणि ओवीनं पहिल्यांदा विचारलं, "आत्तू, अजून किती लांब?"

घर सोडून पुरती दहा मिनिटं झाली नव्हती. मार्गशीर्षातली पौर्णिमा, पहाटेचे साडेपाच, बाहेर कडाक्याची थंडी. दादा गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी डुलकी काढत होती आणि मागच्या सीटवर मी आणि सहा वर्षांची ओवी. कोल्हापूर ते मालवण, राधानगरी आणि फोंडा घाटाच्या वाटेनं, म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. "साडेचार-पाच तास," मी म्हणाले. तिनं मान डोलावली, पण तिला काही कळलं नव्हतं. दोन मिनिटांनी तोच प्रश्न परत आला.

या प्रश्नाला वैतागू नये, असं मला अलीकडं वाटायला लागलंय. १९२८ साली दावोसच्या एका व्याख्यानसत्रात आइनस्टाइननं ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाला विचारलं होतं की, लहान मुलाला आधी काय कळतं, काळ की वेग? पियाजे पुढं कित्येक वर्षं त्यामागं लागला. त्यानं मुलांसमोर दोन खेळणी पळवली. दोन्ही एकाच क्षणी सुटली, एकाच क्षणी थांबली, पण एक जास्त पुढं गेलं. पाच-सहा वर्षांची मुलं ठामपणे सांगायची की जे पुढं गेलं ते जास्त वेळ पळत होतं. म्हणजे या वयात अंतर, वेळ आणि वेग यांचा एकच गोळा असतो, आणि 'अजून किती लांब' हा तो गोळा सोडवायचा प्रयत्न असतो. 'पाच तास' हे त्याचं उत्तर नव्हे. पाच तास म्हणजे काय, तेच तर तिला विचारायचं असतं.

मी तिला किलोमीटरचे दगड दाखवले. तिला आकडे वाचता येतात. राज्यमार्गाच्या दगडाचं डोकं हिरवं, राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं पिवळं. आकडा कमी होत गेला की आपण जवळ येतोय. पण उसाच्या ट्रॉल्यांमागून रांगत जाताना दोन दगडांमध्ये युगं गेली. परित्याच्या आसपास तिनं दगडांचा नाद सोडला आणि उजव्या खिडकीला नाक लावून म्हणाली, "चांदोबा आपल्या मागं का येतोय?"

हे मात्र मी सोडणार नव्हते. तिला म्हटलं, आधी ऊस बघ. रस्त्याकडेचा ऊस सर्रकन मागं जात होता, पलीकडचं घर जरा सावकाश, लांबचा डोंगर त्याहून सावकाश, आणि चंद्र जागच्या जागी. तिनं चारही गोष्टी बोटानं मोजून पाहिल्या. जे जवळ ते पळतं, जे लांब ते रेंगाळतं. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. आमचा दीडशे किलोमीटरचा प्रवास त्या हिशेबात किती? अडीच किलोमीटरवरच्या देवळातल्या दिव्याकडं बघत आपण एक ढांग बाजूला सरकावं, तेवढा. दिवा कशाला हलतोय! आपण डोंगर, झाडं, घरं मागं टाकतो, चंद्र मागं टाकता येत नाही, म्हणून तो सोबत आल्यासारखा वाटतो. ओवी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे तो आजीच्या घरावर पण आहे?" आजी इचलकरंजीला असते. आहे की.

राधानगरीच्या अलीकडं सूर्य उगवला आणि तो माझ्या, म्हणजे डाव्या, खिडकीत आला. उजवीकडं फिकट चंद्र डोंगराला टेकत होता. एका खिडकीत सूर्य, दुसरीत चंद्र, मध्ये आमची गाडी. पौर्णिमा म्हणजे दुसरं काय असतं? सूर्य एका अंगाला, चंद्र बरोबर समोरच्या अंगाला, मध्ये आपली पृथ्वी. पुस्तकात हीच आकृती तीन वर्तुळं काढून देतात आणि पोरं ती पाठ करतात. मी चाळिशी गाठली तरी ती अशी, दोन खिडक्यांमध्ये बसून, कधी पाहिली नव्हती.

राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक उंचीला आलं की त्याच्याच दाबानं उघडतात, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. दर पावसाळ्यात 'किती दरवाजे उघडले' ही आमच्याकडं घराघरातली बातमी असते. पण हे पाणी जातं कुठं? भोगावतीतून पंचगंगेत, पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत (दत्तजयंतीमुळं त्या दिवशी तिथं मुंगीला शिरायला वाव नसणार), आणि कृष्णेतून हजाराहून जास्त किलोमीटर चालत थेट आंध्रात, बंगालच्या उपसागरात. तेही अरबी समुद्र इथून पन्नासेक किलोमीटरवर असताना.

दाजीपूरला चहाला थांबलो, तेव्हा ओवीला हे सांगितलं. घाटमाथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी-शेजारी पडतात. एक जरा पूर्वेला घरंगळतो आणि भारताची अख्खी रुंदी पार करतो. दुसरा पश्चिमेला पडतो आणि एखाद-दोन दिवसांत कोकणच्या खाडीत पोचतो. तिनं बाटलीतलं पाणी आधी रस्त्याच्या एका बाजूला ओतलं, मग दुसऱ्या. कुठलं पाणी कुठं गेलं ते दिसायला काही नव्हतं, मातीत जिरलं. तरी ती बराच वेळ बघत होती.

बाटली रिकामी झाली होती. मी ती तिथंच घट्ट बंद केली आणि ओवीला म्हटलं, आता ही उघडायची नाही. सांभाळ. दादा म्हणाला, "रिकामी बाटली कशाला सांभाळायची?" मी म्हटलं, रिकामी नाही, दाजीपूरची हवा आहे तीत.

घाट सुरू झाल्यावर वहिनीनं पर्समधून आवळा सुपारी काढली, कारण ओवीला गाडी लागते. त्यामागचं कारणही मजेचं आहे. कानाच्या आत तीन बारीक वाटोळ्या नळ्या असतात. त्यांतलं पाणी डुचमळलं की शरीराला कळतं, आपण वळतोय. डोळे मात्र गाडीच्या आतल्या सीटकडं किंवा मोबाइलकडं लागलेले असले तर ते सांगतात, छे, सगळं स्थिर आहे. कानाचं आणि डोळ्याचं भांडण होतं आणि त्याचा भुर्दंड पोटाला. म्हणून वळणावर लांब बाहेर बघावं. मुलाच्या हातातला मोबाइल काढून घ्यायला एवढं शास्त्रीय कारण मला दुसरं सापडलेलं नाही.

अर्ध्या घाटात कानांना दडे बसले. तळाशी फोंड्याला पोचलो आणि ओवी ओरडली, "आत्तू, बाटलीला काय झालं?" बाटलीचं पोट आत गेलं होतं, कुणीतरी मुठीत आवळल्यासारखं. बूच तसंच घट्ट, तडा नाही. मग तिला सांगितलं. आपण हवेच्या तळाशी राहतो. डोक्यावर हवेची चळत असते, गाद्यांवर गाद्या रचाव्यात तशी. घाटमाथ्यावर वरच्या थोड्या गाद्या कमी. खाली उतरावं तसा भार वाढतो, दर आठ-नऊ मीटरला एक मिलिबार. चार-पाचशे मीटर उतरलं की दाब वीस भागांत एक भाग वाढतो. दाजीपूरची विरळ हवा बाटलीत कोंडलेली, तिला बाहेरच्या कोकणी हवेनं दाबलं. कानाचे पडदे दाबले तेही तिनंच.

हाच प्रयोग १९ सप्टेंबर १६४८ ला फ्रान्समध्ये झाला. पास्कलची प्रकृती तोळामासा, म्हणून त्यानं आपल्या मेव्हण्याला, पेरिएला, पाऱ्याची नळी देऊन प्युइ द दोम या डोंगरावर धाडलं. पायथ्यापेक्षा माथ्यावर पारा आठेक सेंटिमीटर खाली उतरला आणि हवेला वजन असतं, हे जगाला पटलं. पेरिएच्या सोबत गावातली प्रतिष्ठित मंडळी साक्षीला होती. आमच्याकडं दादा होता, आणि त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

फोंडा ओलांडला की भिंतींचा रंग बदलतो. आमच्याकडचा दगड काळा, अंबाबाईचं देऊळ त्याच रंगाचं. इथं कुंपण तांबडं, विहीर तांबडी, घराचं जोतं तांबडं. हा जांभा, आणि त्याचा कापलेला ठोकळा म्हणजे चिरा. रस्त्याकडेला एका चिऱ्याच्या ढिगाशी गाडी थांबवली. ओवीनं त्याच्या भोकाभोकांत बोट घालून पाहिलं. बोट तांबडं झालं. हा रंग म्हणजे चक्क गंज. लाखो वर्षांचा पाऊस आणि ऊन यांनी कातळातलं विरघळण्यासारखं ते धुऊन नेलं, लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं आणि लोखंड गंजलं. खाणीत हा दगड मऊ असतो, सहज कापला जातो, आणि उघड्या हवेत राहिला की टणक होत जातो. १८०० साली फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्यानं केरळात लोकांना तो विटांसारखा कापताना पाहिलं आणि पुढं लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट नाव दिलं. आपलं नाव जास्त बरं, पिकल्या जांभळाच्या जवळ जाणारं.

महामार्गावर आलो तशी दगडांची डोकी पिवळी झाली. आकडा ६६. देशातल्या उत्तर-दक्षिण महामार्गांना सम आकडे आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडं वाढत जातात, म्हणून समुद्राजवळच्या या रस्त्याला एवढा मोठा आकडा. ओवीला यात काडीचा रस नव्हता. ती नंबरप्लेटी मोजत होती. आमच्या घरापाशी सगळ्या एम.एच. ०९, इथं ०७. "आपण पाहुणे झालो," ती म्हणाली.

वाटेत विजयदुर्गाची पाटी दिसली. तिथं 'साहेबाचे ओटे' आहेत आणि हेलियमचा शोध १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी तिथूनच लावला, असं सर्रास सांगितलं जातं. गोष्ट इतकी गोड आहे की ती दुरुस्त करायचं जिवावर येतं. पण १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हते. त्या दिवशी सूर्यकडेच्या ज्वाळांचा वर्णपट गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन यांनी पाहिला, आणि लॉकियर यांनी तीच अनोळखी पिवळी रेघ ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहणाविना, टिपली. विजयदुर्गावर ते खरोखर आले ते पुढं, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. हेलियम पृथ्वीवर हाती लागलं तेही १८९५ मध्ये, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींच्या प्रयोगशाळेत. एक मूलद्रव्य आधी सूर्यावर सापडतं आणि सत्तावीस वर्षांनी जमिनीवर, ही खरी गोष्ट काय कमी आहे? मुलांना खोट्यापेक्षा खरं जास्त अद्भुत लागतं, हा माझा अनुभव आहे. ओवीनं फक्त एवढंच विचारलं की चांदोबानं एवढा मोठा सूर्य झाकला कसा. मी अंगठा डोळ्यासमोर धरून समोरचा ट्रक झाकून दाखवला. मग कट्टा गाव येईपर्यंत तिनं प्रत्येक ट्रक झाकला.

मालवणला धक्क्यावर पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि समुद्र पायऱ्यांना लागला होता. होडीवाले काका म्हणाले, "आज पुनव मां, उधाण हा. चेडवाक मधी बसवा." घड्याळ न बघता त्यांना वेळ कशी ठाऊक, हे ओवीला कळेना. याचं एक जुनं गणित आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ आली. आठ पाऊण सहा, म्हणून अष्टमीला सहाच्या सुमारास. पंधरा पाऊण सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, बंदराबंदरात फरक पडतो, पण होडी ढकलायला एवढं पुरतं. आमच्या आजोबांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ केली. शाळेतून ती गेली तेव्हा कुणी हळहळलं नाही, मीही नाही. त्या दिवशी धक्क्यावर मात्र वाटलं की पाऊणकी हे समुद्राचं वेळापत्रक होतं आणि आपण ते रद्दीत दिलं.

ओवीनं खडूनं पाण्याच्या वरच्या पायरीवर रेघ मारली. मग तिनं आकाशाकडं पाहिलं. "चांदोबा कुठाय? तो पाणी ओढतो ना?"

कुठाय? सकाळी तो पश्चिमेला मावळला होता. दुपारी बाराच्या सुमारास पौर्णिमेचा चंद्र आपल्या पायाखाली असतो, पृथ्वीच्या पलीकडं. मी जमिनीकडं बोट केलं. ओवीनं खाली पाहिलं, पाय जरा उचलला. चंद्र तिकडं, तर पाणी इकडं का फुगलं? चंद्राची ओढ जवळच्या पाण्याला सगळ्यात जास्त, पृथ्वीच्या मध्याला त्याहून कमी, पलीकडच्या पाण्याला सगळ्यात कमी. म्हणून चंद्राकडचं पाणी पुढं ओढलं जातं, आणि लांबच्या बाजूचं मागं राहिल्यामुळं फुगतं. फुगवटे दोन, आणि पृथ्वी त्यांच्याखालून गिरकी घेते, म्हणून दिवसात दोन भरत्या. सूर्याचीही ओढ असते, चंद्राच्या निम्म्याहून किंचित कमी. पौर्णिमा-अमावास्येला दोघं एका रेषेत येतात आणि जोर एकवटतो, ते उधाण. अष्टमीला काटकोनात येतात आणि एकमेकांचा जोर मारतात, तो भांग. पुढं किनाऱ्याचा आकार आणि खोली वेळेची ओढाताण करतात ती वेगळीच. सकाळी दोन खिडक्यांत बसलेले हे दोघं आता पायऱ्या बुडवत होते.

सिंधुदुर्ग किल्ला कुरटे बेटावर आहे. पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, तीन वर्षांत बांधून झाला, तटाची लांबी जवळजवळ तीन किलोमीटर. इतिहासाचं पाठांतर मी ओवीकडून करून घेतलं नाही. तिला विहिरी आवडल्या. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. भोवती चहूबाजूंनी खारा समुद्र, आणि विहिरीत गोडं पाणी. का?

जेवायला खानावळीत बसल्यावर हे दाखवायचं ठरवलं. ग्लासभर पाण्यात दोन चमचे मीठ ढवळलं, हा समुद्र. त्यावर चमच्याच्या पाठीवरून अलगद कोकम सरबत सोडलं, हा पाऊस. सरबत तरंगायचं सोडून सरळ तळाशी जाऊन बसलं. ओवी म्हणाली, "पाऊस बुडाला." वहिनी हसायला लागली. माझ्या लक्षात आलं तोवर सोलकढी आली होती. सरबतात साखर असते आणि ती मिठापेक्षा भारी पडली होती. मग दोन आमसुलं साध्या पाण्यात चोळून तेच लालसर पाणी सोडलं. ते वर तरंगलं, खाली खारं, वर लाल, मध्ये बारीक सीमारेषा. पावसाचं हलकं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर असं तरंगत राहतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा चाळिसाव्या हिश्श्यानं जड असतं, म्हणून समुद्रसपाटीच्या वर एक हात गोडं पाणी असेल तर खाली चाळीस हातांपर्यंत ते टिकू शकतं. वाळूच्या बेटावर हे नियम नीट लागू होतात. कुरट्यासारख्या खडकाळ बेटावर भेगाभेगांतून साठतं, पण तरंगण्याचं तत्त्व तेच. आणि उपसताना हात आखडता घ्यावा लागतो, नाहीतर खालचं खारं वर येतं. पहिला फसलेला ग्लासही आम्ही टाकला नाही. ओवीनं तो मिठासकट पिऊन पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

संध्याकाळी साडेपाचला परत धक्क्यावर. खडूची रेघ आता अशी उंच, कोरड्या पायऱ्यांच्या वर, की ओवीला ती दुसऱ्याच कुणी मारली असं वाटलं. जवळच मोरयाचा धोंडा आहे, जिथं किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली तो खडक. त्यावर गणपती कोरलाय, आणि चंद्र-सूर्यही. दिवसभर ज्यांच्यामागं लागलो होतो ते दोघं दगडात शेजारी-शेजारी बसलेले. ओवीनं चंद्रावर तळहात ठेवला, मग सूर्यावर, आणि दोन्हीच्या मध्ये जागा किती, हे वितीनं मोजलं.

दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला ती घड्याळ घेऊन हजर. पाणी रेघेपासून पायरीभर खाली. "समुद्राला उशीर झाला," तिनं जाहीर केलं. पृथ्वीची एक गिरकी पुरी होईतो चंद्र थोडा पुढं सरकलेला असतो, त्याला गाठायला रोज सरासरी पन्नास मिनिटं जास्त लागतात. पाऊणकीचा हिशेब पंधरवडा बदलताना मध्येच उडी मारतो, हेही तिथंच कळलं. बाराच्या पुढं पाणी आलं. रेघेच्या जवळ आलं, पण रेघ काही भिजली नाही. का नाही भिजली, हे मला सांगता आलं नाही. वारा असेल, लाटा असतील.

परतीला दुपारनंतर निघालो. चेपलेल्या बाटलीला दोन दिवस तिनं कुणाला हात लावू दिला नव्हता. ती तिच्या मांडीवर होती. फोंडा घाटात अंधार पडला, ओवी माझ्या खांद्यावर झोपली, दादानं गाणी बंद केली. वळणामागून वळणं गेली. एकाएकी मागच्या सीटवर 'टक्' असा आवाज झाला. दादानं दचकून आरशात पाहिलं. बाटलीचं आत गेलेलं पोट बाहेर आलं होतं.

ओवीनं डोळे न उघडताच म्हटलं, "दाजीपूर आलं."